आखाडाआधी तलंगा निवडताना

गावरान कोंबड्यांचा घरचा कळप चार-पाच वर्षांत बारीक होत जातो. अंडी लहान होतात, पिल्ले जगत नाहीत आणि मग म्हटले जाते, जात बिघडली. बहुतेक घरांत ती बिघडत नाही, विकली जाते. पाहुणे आले की हाताला जड लागणारी तलंग, म्हणजे तरुण मादी, कापली जाते. आषाढात व्यापारी दारात आला की तो भरलेल्या अंगाच्या, लालभडक तुऱ्याच्या तलंगा आधी उचलतो. मागे उरतात त्या उशिरा वाढलेल्या, किरकोळ. पुढच्या वर्षीची पिल्ले त्यांच्याच पोटची.

म्हणून क्रम उलटा करायचा. पैदाशीच्या तलंगा आधी निवडायच्या, त्यांच्या पायात खूण अडकवायची आणि मग बाकीच्यांचा भाव ठरवायचा. जानेवारी-फेब्रुवारीत निघालेल्या तलंगा आखाडाच्या सुमारास पाच-सहा महिन्यांच्या, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतात असतात. मोह पडायची वेळ आणि निवडीची वेळ एकच येते, ती अशी.

किती वाढवायच्या, किती ठेवायच्या

दहा कोंबड्या आणि एक कोंबडा असा कळप धरू. गावरान कोंबडी दोन-अडीच वर्षे चांगली चालते, म्हणजे दरवर्षी चार नव्या तलंगा लागतील, वर एक राखीव. पाच ठेवायच्या तर निदान पंधरांतून निवडायला हव्यात. पंधरा तलंगा हाताशी यायला तीस जगलेली पिल्ले लागतात, कारण निम्मे नर निघतात. तीस जगायला चाळीस निघावी लागतात आणि चाळीस निघायला पन्नासच्या आसपास अंडी बसवावी लागतात. दहा-बारा अंड्यांच्या चार-पाच रवणी (एका कोंबडीखाली एका वेळी बसवलेली अंडी म्हणजे एक रवण) झाल्या. सहा तलंगांतून पाच ठेवल्या तर त्याला निवड म्हणत नाहीत, एक काढून टाकली एवढेच.

या चार-पाच रवणी शक्यतो पंधरा दिवसांच्या आत बसवा. डिसेंबरातली तलंग आणि मार्चातली तलंग शेजारी उभ्या करून तुलना होत नाही. थंडीत वाढलेलीला एक हवामान मिळाले, उन्हाळ्यात वाढलेलीला दुसरे. पावसाळ्यातल्या ओल्या जमिनीवरच्या पिल्लांना रक्ती हगवण छळते आणि त्यांची वाढ मागे पडते, तो दोष त्यांच्या रक्ताचा नसतो. एकाच उबवणीच्या तलंगा एकमेकींशीच ताडून पाहायच्या.

आईची खूण पहिल्या दिवसापासून

पुढे सगळ्यात उपयोगी पडणारी माहिती म्हणजे कोणती तलंग कोणत्या कोंबडीची. पिल्ले आठवड्याची झाली की ती कोणाच्या मागे फिरतात यावर जाऊ नका. कोंबडी दुसरीची पिल्लेही सांभाळते, आणि बसवलेली अंडी तिचीच होती असेही नाही. निवडक कोंबडीची अंडी हवी असतील तर ती गोळा करतानाच टोकाकडे पेन्सिलीने खूण करा आणि एका खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली एकाच आईची अंडी ठेवा. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, निमुळते टोक खाली करून सावलीत ठेवलेली हवीत.

पिल्लू निघाल्यावर पायाच्या बोटांमधल्या पडद्याला छोटे भोक पाडतात, त्याचे पंचिंगचे हत्यार पशुखाद्याच्या किंवा पोल्ट्रीच्या सामानाच्या दुकानात मिळते. दोन पायांत मिळून चार पडदे, त्यांच्या फरकाने सोळा वेगळ्या खुणा होतात. घरच्या कळपाला पुरून उरतील. भोक आरपार आणि स्वच्छ पडले पाहिजे. कातडीचा तुकडा लोंबत राहिला तर भोक भरून येते आणि दोन महिन्यांनी खूण सापडत नाही.

हे जमत नसेल तर पायात रंगीत केबल टाय घाला. पण पिल्लाचा पाय वाढतो, टाय वाढत नाही. टाय आणि पाय यांच्यात आगकाडी सहज फिरेल इतकी जागा ठेवा, दर पंधरा दिवसांनी तपासा आणि घट्ट वाटला की कापून नवा घाला. यात हयगय झाली की टाय मांसात रुततो, पाय सुजतो आणि चांगली तलंग लंगडी होऊन बाद होते.

पहिली चाळणी: आठ ते दहा आठवडे

या वयात नर-मादी बहुतेक कळू लागतात. नराचा तुरा मोठा आणि गुलाबी होतो, पाय जाड दिसतात, तलंगेचा तुरा अजून फिका आणि बसका असतो. शंका असलेल्यांना बारा आठवड्यांपर्यंत थांबा, नराच्या कमरेवर निमुळती, चमकदार पिसे येतात.

सकाळी खुराडे उघडायच्या आधी, उपाशीपोटी वजन घ्या. खाल्ल्यावर गळ्याखालची पिशवी भरते आणि एवढ्याशा पक्ष्यात त्याने निकाल बदलतो. कापडी पिशवीत तलंग घालून लटकवायच्या डिजिटल काट्यावर टांगली की ती धडपडत नाही. सगळ्यांची सरासरी काढा. सरासरीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त खाली असलेल्या तलंगा यादीतून काढा. १५ तलंगांची सरासरी ४५० ग्रॅम असेल तर ३६० च्या खालच्या गेल्या.

वरच्या टोकाला मात्र उलट सावध राहायचे. सगळ्यांत जड तलंग ठेवायची असा हात आपोआप जातो. अंगाचे वजन आणि अंड्यांची संख्या यांचे एकमेकांशी वाकडे असते, केवळ वजनावर निवड करत गेलात तर काही पिढ्यांनी मांस वाढेल आणि अंडी घटतील. शिवाय एखादी तलंग बाकीच्यांच्या दीडपट निघाली, पाय जाड, छाती रुंद, तर शेजारच्या गिरिराज किंवा वनराज कोंबड्याचा त्यात हात असण्याचीच शक्यता जास्त. सरासरीला थोड्या वर असलेल्या, सुटसुटीत अंगाच्या तलंगांवर नजर ठेवा.

दुसरी चाळणी: सोळा ते अठरा आठवडे, हातात घेऊन

खरी तपासणी इथे होते. तिच्या दोन-तीन आठवडे आधी जंतनाशक द्या (मात्रा पशुवैद्यकाकडून वजनावर ठरवून घ्या) आणि उवांचा बंदोबस्त करा. जंतांनी पोखरलेली तलंग फिकी, हलकी आणि सुस्त दिसते, तिच्यावर त्या अवस्थेत निकाल दिला तर चांगल्या आईची लेक उगाच बाजारात जाईल.

रात्री अंधारात दांडीवरून एकेक उचला, पळापळ होत नाही. तळहात छातीखाली, तिचे दोन्ही पाय तुमच्या बोटांमध्ये, डोके कोपराकडे. दुसऱ्या हातात टॉर्च. एकाच माणसाने सगळ्या तपासाव्यात, कारण पुढे मापे बोटांत आहेत आणि सगळ्यांची बोटे सारखी नसतात.

डोळ्यापासून सुरुवात करा. बाहुली गोल आणि कडा स्वच्छ हवी, दोन्ही डोळ्यांचा रंग सारखा. एक डोळा राखाडी पडलेला, बाहुलीची कड कुरतडल्यासारखी किंवा ती लहान होऊन बसलेली दिसली तर मरेक्सचा संशय घ्या. हा रोग अंड्यातून पिल्लात जात नाही, पण त्याला बळी पडण्याची प्रवृत्ती वंशात उतरते, आणि अशी तलंग फार दिवस जगतही नाही. नाकपुडी दाबून पाहा, चिकट पाणी आले किंवा कानाशी धरल्यावर श्वासात घुरघुर ऐकू आली तर ती पैदाशीला नको. जुनाट श्वासाचा रोग, म्हणजे मायकोप्लाझ्मा, आईकडून अंड्यात आणि अंड्यातून पिल्लात उतरतो. औषधाने घुरघुर थांबते, वाहक राहतेच. बरी झाली म्हणून ठेवू नका, खायच्या अंड्यांसाठी वेगळी पाळा.

देवीचे वाळलेले व्रण तुऱ्यावर असतील तर मात्र घाबरायचे कारण नाही. जखम भरली, डोळा शाबूत आहे, तलंग चांगली आहे. मानमोडीतून (राणीखेत रोगातून) वाचलेली आणि मान वाकडी राहिलेली किंवा गोल फिरणारी मात्र काढा. ती जगली याचे कौतुक वाटते, पण ती कोंबड्याखाली नीट बसत नाही आणि अंड्यांवरही नाही.

चोच वरखाली जुळली पाहिजे. कात्रीसारखी तिरकी चोच असलेली ठेवू नये, आणि एकाच आईच्या दोन लेकींत ती दिसली तर आईचाही विचार करा.

मग छातीचे मधले हाड. बोट वरून खाली फिरवा, ते सरळ रेषेत गेले पाहिजे. इथे थोडे थांबून विचार करावा लागतो. पंधरांत एका तलंगेचे हाड वाकडे असेल तर तिला काढा. सात-आठ जणींचे वाकडे असेल तर दोष तुमच्या खुराड्याचा आहे. फार लवकर, बारीक काठीवर किंवा धारदार कोपऱ्याच्या पट्टीवर बसल्याने कोवळे हाड दबते, खाद्यात कॅल्शियम कमी असले तरी तेच होते. दांडी ४ ते ५ सेंटिमीटर रुंद, वरच्या कडा घासून गोल केलेली हवी, आणि दहा-बारा आठवड्यांपर्यंत ती जमिनीपासून फार उंच नको. अशा वर्षी वाकड्या हाडाला थोडी सूट द्या आणि दांडी बदला.

पायाच्या बोटांचेही असेच. अनेक पिल्लांची बोटे आतल्या बाजूला मुठीसारखी वळली असतील तर ती जीवनसत्त्व ब-२ ची कमतरता, लहान वयात पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स दिल्याने सावरते. एकीचेच बोट बाजूला मुडपलेले असेल तर तिला काढा. पाठ सपाट हवी, कुबड नको, आणि शेपूट एका बाजूला कायम झुकलेली नको. पंख उघडून टोकाची मोठी पिसे मोजा, दहा असतात. मधेच फट पडून पंख दुभंगलेला दिसला तर तो दोष पिल्लांत उतरतो.

शेवटी मागचा भाग. शेपटीखाली गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडे लागतात. अठरा आठवड्यांना त्यांच्यात एक बोट मावते, कधी तेही नाही. अंड्यावर यायची वेळ झाली की दोन बोटे मावतात, आणि ती हाडे व छातीच्या हाडाचे टोक यांच्यात तीन बोटे. हे अंतर या वयात मोजायचे ते निकाल देण्यासाठी नव्हे, लिहून ठेवण्यासाठी. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. ज्यांचे अंतर लवकर वाढते त्या लवकर अंड्यावर येणार. हाडांची टोके चिमटीत धरून पाहा, पातळ आणि लवचीक असतील तर बरे, जाड, कडक आणि चरबीत बुडालेली असतील तर अशी तलंग आयतखाऊ निघते.

पाय पिवळे आहेत म्हणजे तलंग चांगली, असे बाजारात म्हणतात. अंड्यावर नसलेल्या पक्ष्यात पिवळेपणा साठलेला असतो आणि अंडी सुरू झाली की तो उतरतो, आधी गुदद्वाराजवळ, मग डोळ्याभोवती, मग चोचीच्या मुळापासून टोकाकडे, सर्वांत शेवटी पायांवरून. म्हणजे भर अंड्यावरच्या कोंबडीचे पाय फिकेच असणार. काळ्या किंवा पांढुरक्या पायांच्या गावरानला आणि कडकनाथला हा हिशोब लागूच होत नाही, तिथे हाडांचे अंतर आणि तुरा यांवरच जायचे.

तिसरी चाळणी: पहिला डाव

पंधरांच्या एव्हाना आठ-नऊ राहिल्या असतील. आखाडात सहा-सात काढा, पण या आठ-नऊ पहिला डाव, म्हणजे खुडूक होईपर्यंतची पहिली अंडी, संपेपर्यंत ठेवा. बहुतेक जण इथेच घाई करतात. तलंग दिसायला कशीही असो, ती अंडी कशी देते हे अंडी दिल्याशिवाय कळत नाही.

कोणते अंडे कोणाचे हे ओळखायची जुनी रीत चांगली आहे. सकाळी सोडताना करंगळीला खोबरेल लावून हलकेच चाचपायचे, आत अंडे लागले तर तिला डालग्याखाली कोंडायचे आणि अंडे दिल्यावर सोडायचे. हात स्वच्छ हवा, नख कापलेले, दाब अजिबात नको. आत अंडे फुटले तर तलंग हातची जाते. रोज करू नका, आठवड्यातून दोन दिवस पुरतात. सवय नसेल तर खायचा रंग थोड्या तेलात कालवून गुदद्वारावर लावा, एकीला लाल, दुसरीला हिरवा, अंड्यावर रेघ उमटते. पंधरा दिवसांत प्रत्येकीच्या अंड्याचा आकार आणि छटा डोळ्यांत बसते, मग रंगाचीही गरज लागत नाही.

वहीत चार गोष्टी लिहा: पहिल्या अंड्याची तारीख, डावात किती अंडी, दहाव्या अंड्याचे वजन, खुडूक झाल्याची तारीख. पहिली पाच-सहा अंडी लहान, वेडीवाकडी, कधी मऊ कवचाची येतात, त्यांवर निकाल देऊ नका. दहाव्याच्या सुमारास अंडे ३८ ग्रॅमच्या खाली असेल किंवा कवचावर वळ्या आणि खडबडीतपणा कायम असेल तर ती मागे पडली. गावरान तलंग सहसा २४ ते २८ आठवड्यांत सुरू होते. ३२ आठवड्यांनंतरही अंडे नाही, खाणेपिणे ठीक आणि आजार नाही, तर तिला ठेवायचे कारण उरत नाही. फार लवकर, अंग भरायच्या आत सुरू झालेलीही जपून पाहा, तिची अंडी बारीक राहतात आणि आतला भाग बाहेर येण्याचा धोका असतो. पहिल्या डावाची अंडी बसवायची घाई करू नका, लहान अंड्यातून लहान पिल्लू निघते. ४० ग्रॅमच्या आसपास अंडे स्थिरावल्यावर बसवा.

आता खुडूक होण्याचा प्रश्न. बारा-पंधरा अंड्यांनंतर खुडूक होणारी गावरान कोंबडी हीच घरच्या कळपाची उबवणी यंत्रणा आहे. आठच अंड्यांवर बसणारी कोंबडी वर्षभर बसूनच राहील. अजिबात न बसणारी जास्त अंडी देईल, पण ती अंडी बसवायला दुसरी लागेल. दहांच्या कळपात चार-पाच खात्रीच्या बसणाऱ्या पुरतात, उरलेल्यांत अंडी जास्त देणाऱ्या चालतील. सगळ्याच बसणाऱ्या ठेवल्या तर अंड्यांचा तुटवडा, सगळ्याच न बसणाऱ्या ठेवल्या तर यंत्र विकत आणा.

नव्या खुडूक तलंगेवर थेट बारा चांगली अंडी लावू नका. दोन-तीन दिवस खोटी किंवा खायची अंडी ठेवा. दिवसातून एकदा दहा-वीस मिनिटे उठून खाणे, पाणी, शौच उरकून परत आली तर ती खरी. माणूस जवळ गेला की उडून पळाली, अंडी तुडवली किंवा दुसऱ्याच जागी जाऊन बसली तर या वर्षी तिच्यावर विश्वास टाकू नका. अंडे फोडून खाणारी मात्र लगेच काढा, ही सवय शेजारणी उचलतात.

याच महिन्यांत वागणूकही कळते. संध्याकाळी न बोलावता खुराड्यात येते का, घार दिसली की झुडपात शिरते का, अंगणाबाहेर किती लांब जाते. पांढरी शुभ्र तलंग लांबून उठून दिसते, उघड्या माळावर ती घारीला आणि ससाण्याला आधी सापडते. तपकिरी, चितळी पिसांच्या तलंगा तिथे जास्त टिकतात. मागे जाळी असेल तर रंगाचा विचार सोडून द्या.

कोणत्या तलंगा मुळातच पैदाशीला नाहीत

शासनाच्या तलंगा गट योजनेत (एका गटात २५ माद्या आणि ३ नर) मिळालेल्या किंवा उबवणी केंद्रातून आणलेल्या गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया या संकरित जाती खायच्या अंड्यांसाठी आणि मांसासाठी उत्तम. पैदाशीला नकोत. त्यांची पिल्ले एकसारखी निघत नाहीत, कोणी आईसारखी, कोणी आजीसारखी, आणि संकराचा जोर पहिल्याच पिढीत संपतो. शिवाय त्या सहसा खुडूक होत नाहीत. ऱ्होड आयलंड रेड आणि ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प या शुद्ध जाती आहेत, त्यांची पैदास एकसारखी होते, मात्र अंडी बसवायला गावरान कोंबडी किंवा यंत्र लागेल. कडकनाथच्या तलंगा निवडताना तोंडात आणि पंखाखाली कातडी पाहा, फिके डाग असलेली ठेवली तर काळेपणा पिढीगणिक उतरतो.

उलट्या पिसांची तलंग ठेवायला हरकत नाही, फक्त कोंबडा साध्या पिसांचा हवा. दोन्ही बाजूंनी उलटी पिसे आली तर काही पिल्लांची पिसे इतकी ठिसूळ होतात की ती उघडी पडतात.

कोंबडा आधी बदला

एवढी निवड करून तलंगा बापाखाली सोडल्या तर मेहनत वाया जाते. बाप-लेक किंवा भाऊ-बहीण अशा जोडीतून निघालेल्या पिल्लांत अंतःप्रजननाचे, म्हणजे नात्यातल्या पैदाशीचे, प्रमाण एकदम २५ टक्क्यांवर जाते, सावत्र भावंडांत १२.५. अंडी कमी फळतात आणि पिल्ले कवचात मरतात. त्यामुळे नव्या तलंगा अंड्यावर यायच्या आत जुना कोंबडा काढा आणि लांबच्या गावाहून, दुसऱ्या रक्ताचा आणा. आणलेला कोंबडा २१ दिवस वेगळा ठेवा. शक्य असेल तर ठेवलेल्या पाच तलंगा निदान तीन वेगवेगळ्या आयांच्या असू द्या, एकाच आईच्या दोनांहून जास्त नकोत, ती आई कितीही गुणी असो.

राखलेल्या तलंगांत एक जादा डिसेंबरपर्यंत राहू द्या. मुंगूस, बोका किंवा पहिल्याच खुडूक बसण्यातला घोळ यांत एक तरी जातेच, आणि तेव्हा निवडलेली सहावी हाताशी नसेल तर पुन्हा व्यापाऱ्याने सोडलेल्यांतूनच उचलावी लागते.